थंड राहणारं इंजिन: घरी थर्मोस्टॅट बसवण्याचं एक प्रकरण

गाडी २०१४ची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनची हॅचबॅक. आमच्याकडे नाशिकला आली तेव्हा ऐंशी हजार किलोमीटर चाललेली होती. आधीच्या मालकांनी ती मुंबईत वापरली होती. इंजिनाचा आवाज स्वच्छ, धूर नाही, क्लच हलका. उन्हाळ्यात घेतली आणि दिवाळीपर्यंत तिने काही तक्रार केली नाही. एसी सिग्नलला उभं राहिल्यावर थोडा कोमट व्हायचा, तेवढंच. गॅस कमी झाला असेल, पुढच्या उन्हाळ्याआधी भरून घेऊ, असं म्हणून मी ते सोडून दिलं. या एसीकडे आपण नंतर परत येणार आहोत.

या गाडीत तापमानाचा काटा नाही. अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतो. दोन दिवे असतात: इंजिन थंड असेल तोवर निळा आणि फार तापलं तर लाल. मधे सगळं ठीक असताना काहीच पेटत नाही. डिसेंबरात एका सकाळी बायकोने विचारलं, "अहो, हा निळा दिवा शाळेपर्यंत विझतच नाही. चालेल ना तसं?" शाळा घरापासून तीन किलोमीटर. मी थंडीवर ढकललं. नाशिकची थंडी खरीच असते, निफाडकडे तर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो.

त्यानंतरच्या आठवड्यात पहाटे मुंबईला निघालो. निळा दिवा विझायला शहराबाहेरची विल्होळी ओलांडावी लागली. पुढे घोटी, इगतपुरी नीट झालं आणि कसारा घाट उतरायला लागल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना तो दिवा परत लागला. चाळीसहून अधिक किलोमीटर पळून आलेलं इंजिन उतारावर पुन्हा थंड पडतं, ही गोष्ट थंडीच्या नावावर खपवता येण्यासारखी नव्हती.

मग बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. लिटरला सतरा देणारी गाडी चौदावर आली होती. हीटर लावला की कोमट हवा यायची. जानेवारीत चेक इंजिनचा दिवा लागला. मी ऑइल भरायचं झाकण उघडून पाहिलं, तर त्याच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळट-पांढरा चिकटा जमला होता.

हा चिकटा पाहून एका गॅरेजने हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली पाणी-ऑइल वेगळं ठेवणारी चकती, गेल्याचं सांगितलं. हेड उतरवावं लागेल, त्याचं फेसिंग करून ते सपाट करावं लागेल, चार-पाच दिवस गाडी ठेवा. खर्च पाच आकडी. मी गाडी परत घेऊन आलो. खर्चाची धास्ती होतीच, पण हेड गॅस्केट गेलेलं इंजिन तापतं. हे तर तापायलाच तयार नव्हतं.

आधी निदान, मग पाना

स्टिअरिंगखालच्या ओबीडी, म्हणजे गाडीचे दोष वाचायच्या, सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ डोंगल मी आणला. तो मोबाइलवरच्या ॲपला जोडला की काटा नसलेल्या गाडीतही कूलंटचं, म्हणजे इंजिनातून फिरून त्याची उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याचं, तापमान अंशांत दिसतं. चेक इंजिनचा कोड निघाला पी०१२८. त्याचा अर्थ असा की इतका वेळ चालूनही कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानाला पोचलेलं नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, मेकॅनिकच्या भाषेत वॉल. हा कोड थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतो, पण तेवढ्यावर सुटा भाग विकत आणू नये. कूलंट कमी असलं किंवा सेन्सर खोटं सांगत असला तरी हाच कोड येतो.

सेन्सरचा खरेखोटेपणा सकाळीच कळतो. रात्रभर उभ्या गाडीत किल्ली फिरवायची, इंजिन सुरू न करता कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचायचं. दोन्ही जवळपास सारखं हवं. माझ्याकडे एक १२ आणि दुसरं १३ आलं. म्हणजे सेन्सर ठीक.

मग गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर, म्हणजे जाड रबरी नळीवर, हात ठेवून उभा राहिलो. ही जुनी परीक्षा आहे आणि मला वाटतं आजही सगळ्यात भरवशाची. थर्मोस्टॅट धडधाकट असेल तर इंजिन तापत असताना पहिली काही मिनिटं हा होज थंडगार राहतो, कारण रेडिएटरकडे जायची वाट बंद असते. मग वॉल उघडतो आणि होज एकदम गरम होतो, इतका की हात काढून घ्यावा लागतो. माझ्या गाडीत होज पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. थंड, मग गरम, असा टप्पाच आला नाही. वाट पहिल्यापासून उघडी होती.

मुंबई-आग्रा रस्त्यावर एक फेरी मारली. कूलंट ६६ अंशांच्या वर गेलं नाही आणि उतारावर ५७पर्यंत खाली आलं.

हेड गॅस्केटची शंका मनातून काढण्यासाठी आणखी दोन आठवडे दिले. रिझर्व्ह टाकीवर मार्करने रेघ मारली, पातळी तसूभर हलली नाही. डिपस्टिकवरचं ऑइल काळं पण स्वच्छ, दुधाळपणा नाही. थंड इंजिन रेडिएटरची कॅप उघडी ठेवून सुरू केलं तर कूलंटमध्ये बुडबुडे नाहीत. चिकटा फक्त झाकणाखाली होता, आणि त्याचं कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं की ते उडून जातं. तीन किलोमीटरच्या शाळेच्या फेऱ्या आणि साठ अंशांवर अडकलेलं इंजिन, म्हणजे ते पाणी उडायला वावच नव्हता. वरचं झाकण इंजिनातली सगळ्यात थंड जागा, तिथे ते ऑइलशी घुसळून बसलं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास मात्र येत होता. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत होता, त्यातलं काही ऑइलमध्ये जात होतं आणि मायलेज घसरत होतं.

"आपल्याकडे कशाला लागतो?"

सुट्या भागांच्या दुकानात थर्मोस्टॅट मागितला तर शेजारी उभ्या असलेल्या एका मेकॅनिकने आपुलकीने सल्ला दिला, "दादा, वॉल काढून टाका. आपल्याकडे काय बर्फ पडतो का? वॉल म्हणजे गाडी तापायची भानगड." हा सल्ला मी याआधीही अनेकांकडून ऐकला आहे. तो देणारे लबाड नसतात. बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटने घाटात उकळलेल्या गाड्या त्यांनी खरोखर पाहिलेल्या असतात. तरीही सल्ला चुकीचा आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे बोटभर उंचीचा एक झडपेचा भाग. मधे पितळी डबी, डबीत मेण, मेणात धातूची भुकटी म्हणजे उष्णता पटकन पसरावी. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं, आतला दांडा ढकलतं आणि चकती उचलली जाते. थंड झालं की स्प्रिंग ती परत बसवते. वीज नाही, वायर नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत सर्गियस व्हर्ने यांनी मेणाचा हा उपयोग रूढ केला. त्याआधी लवकर उकळणाऱ्या द्रवाने भरलेले धातूचे भाते वापरत. कूलिंगमध्ये दाब वाढला की त्यांचा अंदाज चुकायचा. मेणाला दाबाने फरक पडत नाही, म्हणून आजच्या बंद दाबाच्या यंत्रणेतही ते टिकून आहे.

इंजिनाचे भाग, त्यांच्यामधल्या फटी, ऑइलचा पातळपणा, पेट्रोलचं प्रमाण हे सगळं ऐंशी-नव्वद अंशांच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. नागपूरचा मे महिना असला तरी बाहेर पंचेचाळीस अंश असतात, ऐंशी नव्हे. उष्ण प्रदेशात इंजिन लवकर तापतं हे खरं, पण रस्त्यावर वारा लागला की रेडिएटर त्याला हवं त्यापेक्षा खाली नेऊ शकतो, हेही तितकंच खरं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी चकती असते. वरची उघडली की ती बायपासची वाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढून टाकला तर बायपास कायमचा उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं, आणि भार पडला की गाडी उलट जास्त तापते.

मी ८२ अंशांचा थर्मोस्टॅट घेतला. आकडा तळाच्या कडेवर ठोकलेला असतो. गाडीच्या पुस्तकात दिलेलाच घ्यावा, "थंड राहील" म्हणून कमी अंशांचा घेऊ नये. सोबत रबरी रिंग, एक नवी रेडिएटर कॅप, दोन होज क्लिपा. हे सगळं मिळून हजाराच्या आसपास.

झाकण उघडलं

रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना सुरुवात केली. हे काम कधीही गरम इंजिनावर करू नये. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडली तर दाबाखाली थांबलेलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. खुर्ची टाकून ते शेजारी बसले. रेडिएटरच्या तळाला प्लास्टिकचा छोटा कॉक असतो, तो हाताने सैल केला आणि खाली टब लावला. हिरवं किंवा गुलाबी कूलंट येईल अशी माझी अपेक्षा होती. आलं ते चहाच्या गाळासारखं तांबूस पाणी. काकांनी बोट बुडवून चोळून पाहिलं. "नळाचं पाणी आहे रे हे. कूलंट नावालासुद्धा नाही."

या गाडीत वरचा होज इंजिनाला जिथे लागतो, त्या कोपरासारख्या ॲल्युमिनियमच्या झाकणाखाली थर्मोस्टॅटचं घर आहे. काही गाड्यांत ते खालच्या होजकडे असतं, त्यामुळे आपल्या गाडीचं आधी पाहून घ्यावं. हवेचा पाइप बाजूला केला, होजची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवली. होज चिकटून बसला होता. तो ओढायचा नाही, पिळून सोडवायचा. झाकणाला १० नंबरचे दोन बोल्ट. एक सहज निघाला. दुसऱ्याने पाव आट्यावर दम धरला. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं बसला की पांढरा गंज त्याला धरून ठेवतो, आणि सहा मिलिमीटरचा बोल्ट तुटायला फार जोर लागत नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारला, चहा घेतला, मग थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं, पुन्हा थोडं सोडायचं, असं करत वीस मिनिटांनी तो बाहेर आला.

झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट नव्हता.

मी हातातली टॉर्च आणखी जवळ नेली. थर्मोस्टॅटची कड बसायची गोल खाच रिकामी होती. कडेने लाल सिलिकॉन जाड थापलेला, त्याचे दोन लोंबते थेंब आतल्या बाजूला वळलेले. त्यातला एक सुटला असता तर रेडिएटरच्या बारीक नळीत जाऊन अडकला असता. खाचेत जुन्या रबरी रिंगचा अर्धा तुकडा चिकटून होता. म्हणजे थर्मोस्टॅट मुळात होता आणि कुणीतरी तो काढून, वरून सिलिकॉन लावून झाकण बंद केलं होतं.

मला वाटलं, काम सोपं झालं. नवा बसवला की संपलं. मी काकांना तसं म्हटलं.

"तसं नाही," काका म्हणाले. "वॉल कुणी हौसेनं काढत नाही. ही गाडी तापत असणार. का तापत होती ते शोध, नाहीतर हा बसवलास की ती परत तापेल आणि तूही काढून टाकशील."

या संपूर्ण प्रकरणात मला मिळालेली सगळ्यात मोलाची सूचना ही होती. मी थर्मोस्टॅट बदलायला निघालो होतो. प्रश्न खरं तर तो कुणी का काढला हा होता.

पातेल्यात

नवा भाग बसवण्याआधी तपासून घ्यावा. नवा आहे म्हणून चांगलाच आहे असं नसतं, आणि एकदा सगळं बंद करून पाणी भरल्यावर परत उघडणं जिवावर येतं.

स्वयंपाकात न लागणारं एक जुनं स्टीलचं पातेलं घेतलं, पाणी ठेवलं, थर्मामीटर सोडला. काकांनी थर्मोस्टॅटची चकती अंगठ्याने दाबून किंचित उघडली, त्या फटीत शिवणाचा दोरा धरला आणि सोडून दिली. आता थर्मोस्टॅट दोऱ्याला लटकला. त्याला पाण्यात तळाला न लागता तरंगता सोडला. तळाला टेकला तर भांड्याची उष्णता सरळ लागते आणि आकडा खोटा येतो. गॅस बारीक. ७५, ७८, ८०. ८२च्या जरा पुढे टप् असा आवाज झाला, दोरा सुटला आणि थर्मोस्टॅट खाली बसला. वॉल ज्या क्षणी उघडायला लागतो त्या क्षणी दोऱ्यावरची पकड सुटते. ही युक्ती इतकी साधी आहे की मी ती लगेच दुसऱ्यांदा करून पाहिली. परत तोच आकडा.

पूर्ण उघडायला आणखी बारा-पंधरा अंश लागतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. एवढ्या परीक्षेला ते पुरतं. उकळत्या पाण्यात चकती आठ-नऊ मिलिमीटर वर आलेली दिसली. गार पाण्यात टाकल्यावर घट्ट बसली.

बसवणं आणि पाणी भरणं

जुना सिलिकॉन काढायला लोखंडी पट्टी वापरली तर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच पाझर सुरू होतो. जुन्या प्लास्टिकच्या एटीएम कार्डाने आणि नखाने खरवडून काढला. इंजिनाच्या तोंडात कापड कोंबून ठेवलं, कचरा आत जायला नको. यात पाऊण तास गेला आणि तो वेळ सार्थकी लागला.

घाई न करता सगळं साफ झाल्यावर दोनदा पाणी भरून, इंजिन फिरवून, काढून टाकलं. तिसऱ्या वेळी बाहेर आलेलं पाणी स्वच्छ होतं. हे पाणीसुद्धा नळाचं नव्हतं, बोअरचं तर नाहीच. आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये स्वस्तात मिळतं.

थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक असतं आणि त्यात सैल खिळ्यासारखा तुकडा हलत असतो. इंजिन भरताना अडकलेली हवा या भोकातून वर निसटते. म्हणून तो तुकडा घड्याळातल्या बाराच्या जागी, सगळ्यात वर यायला हवा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. उलटा बसवला तर मेणाला गरम पाणी लागतच नाही आणि गाडी तापते. रबरी रिंग थर्मोस्टॅटच्या कडेवर चढवली, तिच्यासोबत सिलिकॉन लावला नाही. रिंग असताना तो लागत नाही. बोल्ट आळीपाळीने आवळले, शेवटी दहा न्यूटन-मीटरवर थांबलो. टॉर्क रेंच नसेल तर छोट्या पान्याने मनगटाच्या जोराने आवळावं, खांद्याच्या नाही.

कूलंट भरताना एक हिशोब चुकण्यासारखा असतो. पुस्तकात या इंजिनाची मात्रा साधारण साडेचार लिटर आहे, पण खालच्या कॉकमधून तीनच लिटर निघतं. दीड लिटर साधं पाणी ब्लॉकमध्ये राहतं. आता वरून तयार मिश्रणाचं कूलंट ओतलं तर आतल्या पाण्याने ते पातळ होणार. म्हणून मी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणलं, आधी सव्वादोन लिटर शुद्ध कॉन्सन्ट्रेट ओतलं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरली. निम्मं-निम्मं झालं. आपल्याला इथे गोठण्याची भीती नाही, पण गंज रोखणारी द्रव्यं त्या कॉन्सन्ट्रेटमध्येच असतात, आणि मिश्रणाचा उत्कलनबिंदूही वाढतो. १.१ची, म्हणजे १.१ बार दाब धरणारी, कॅप लावलेली असेल तर ते मिश्रण १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही.

गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. हीटर पूर्ण गरमवर. कॅप उघडी, नरसाळं लावलेलं, इंजिन चालू. बुडबुडे येत राहिले. मोबाइलवर आकडा चढत होता आणि माझा हात वरच्या होजवर. ७०ला होज थंड. ८०ला थंड. ८४ला नरसाळ्यातली पातळी एकदम खाली गेली आणि होज तापला. महिनाभर ज्याची वाट पाहत होतो तो क्षण तिथे हाताला लागला. पाणी वरून भरलं, कॅप लावली.

टबमधलं जुनं पाणी गटारात सोडलं नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि विषारी असतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं टबाकडे येतात, लहान मुलं येतात. पहिल्या पाण्यात ते नसावं, पण खात्री नव्हती. सगळं कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवलं आणि नंतर वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला दिलं.

एकशे चार

आता फक्त रेडिएटरचा फॅन लागायची वाट पाहायची होती. साधारण ९५ ते १००च्या दरम्यान तो लागतो, थोडं तापमान उतरवतो, बंद होतो. दोनदा लागून बंद झाला की हवा निघाली असं समजायचं.

९२. ९६. ९९. फॅन नाही. १०१. १०४ला मी इंजिन बंद केलं.

काका खुर्चीवरून उठले. "हे बघ. म्हणून काढला होता."

कारण पुढ्यात होतं. फॅन चालत नव्हता, त्यामुळे मुंबईच्या सिग्नलवर गाडी तापत असणार. कुणीतरी थर्मोस्टॅट काढला, इंजिन चालताना थंडच राहायला लागलं, सिग्नलला तापायला जास्त वेळ लागायला लागला, आणि दोष झाकला गेला. आणि एसी! एसीच्या कंडेन्सरलाही, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीलाही, हाच फॅन वारा देतो. गाडी पळत असताना वारा आपोआप मिळतो, उभी राहिली की नाही. सिग्नलला कोमट होणारा एसी मला आठ महिने हेच सांगत होता आणि मी गॅसची वाट पाहत होतो.

फॅनचा फ्यूज शाबूत. रिले, म्हणजे फॅनची वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच, हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, दोन्ही एकाच नंबरचे होते, फरक नाही. इंजिन गरम असताना फॅनच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावला, तो लख्ख पेटला. म्हणजे वीज मोटारपर्यंत येत होती आणि मोटार ती घेत नव्हती. बॅटरीचं टर्मिनल सोडलं, कारण हे फॅन न सांगता सुरू होतात आणि बोटं घेतात. मग पातं हाताने फिरवलं. अडखळत फिरलं. अर्धा फेरा फिरवून टर्मिनल परत लावलं, तर फॅन सुरू झाला, दहा-बारा सेकंद चालला आणि मंदावत थांबला. आतले कार्बन ब्रश झिजले होते. कधी टेकत, कधी नाही. अशा मोटारी याचमुळे फसवतात. गॅरेजमध्ये दाखवायला न्यावं तर नेमक्या तेव्हा चालतात.

नवी मोटार मंगळवारी मिळाली. फॅनचं आवरण वरच्या दोन बोल्टांवर उचलून बाहेर येतं. बाहेर आल्यावर रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत साचलेला धुरळा, वाळकी पानं आणि किड्यांचा थर दिसला. तो नळीच्या हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला धुतला. प्रेशर वॉशरने रेडिएटरच्या पातळ पात्या आडव्या होतात, म्हणून तो घेतला नाही.

संध्याकाळी पुन्हा तेच. ९७ला फॅन लागला, ९२ला बंद. परत लागला, परत बंद. काकांनी टाळी दिली.

नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाची कॅप उघडली, पाव लिटर कमी झालं होतं, भरलं. त्यानंतर पातळी हलली नाही. थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या कडेला टिश्यू पेपर फिरवला, कोरडा. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलं होतं म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलून टाकले. पी०१२८ पुसला, तो परत आला नाही.

एप्रिलमध्ये मुंबईहून परत येताना कसारा घाट चढलो. चार माणसं, सामान, एसी चालू, पुढे ट्रकची रांग. आकडा ९४पर्यंत गेला आणि तिथेच राहिला. रांगेत थांबल्यावर एसी थंडच होता. गॅस भरावा लागला नाही. मायलेज साडेसोळावर आलं. ऑइलच्या झाकणाखालचा चिकटा त्या प्रवासानंतर उघडून पाहिला तर गेलेला होता. पुढच्या डिसेंबरात शाळेच्या वाटेवर अर्ध्यातच निळा दिवा विझला. बायकोने घरी आल्या आल्या ते सांगितलं.

बॉनेटच्या आत, लॅचशेजारी, पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या मार्करने लिहून ठेवलं आहे: थर्मोस्टॅट ८२ बसवलेला आहे, फॅन मोटार नवी, कूलंट निम्मं-निम्मं, फक्त डिस्टिल्ड पाणी घालावं. खाली तारीख आणि किलोमीटर. ही गाडी कधीतरी आमच्याकडूनही दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि तिथेही एखाद्या उन्हाळ्यात ती तापेल. बॉनेट उचलणाऱ्याला त्या ॲल्युमिनियमच्या झाकणाला पाना लावण्याआधी ही पट्टी दिसेल अशा जागी लावली आहे.